शहर सावरतं, माणसाचं काय?

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलण्याच्या ओघात आलेलं काही गाळलं, बाकी बहुतेक तसंच ठेवलं आहे.)



सचिवांनी मला अर्धा तास दिला आहे. बँकवाल्याला बोलायला उभं केलं की तो व्याजदरावर बोलणार, अशी काहींना धास्ती वाटत असेल. घाबरू नका. आजचा विषय व्याजाचा नाही, आपल्या शहराचा आहे. संकट आलं की काही शहरं पुन्हा उभी राहतात आणि काही राहत नाहीत, हे कशामुळे होतं? अर्थशास्त्रात या प्रश्नावर पुष्कळ संशोधन झालंय. इंग्रजीत त्या गुणाला ‘रेझिलियन्स’ म्हणतात. मराठीत मी साधं ‘सावरणं’ म्हणतो.

या विषयात मी शिरलो माझ्या नातीमुळे. ती शहरांच्या अर्थशास्त्रात एम. ए. करते. सुट्टीत आली की जेवणाच्या टेबलावर तिचे शोधनिबंध पसरलेले असतात. मी जुना बी. कॉम. चष्मा पुसून, डिक्शनरी शेजारी घेऊन वाचायला लागलो आणि गुंतलो. एकदा तिनं मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. तो प्रश्न पुढे सांगतो.

सुरुवात पुण्यापासून करू. १२ जुलै १९६१. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आम्ही शनिवार पेठेत राहायचो. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि नदी पेठांमध्ये शिरली. आम्ही उंचावरच्या नातेवाईकांकडे पळालो. परत आलो तर वाड्याची मागची बाजू नव्हती. घरात चिखल, भिजलेलं धान्य आणि आईचं शिवणयंत्र गाळात उलटं पडलेलं. वडील म्हणाले, “संपलं पुणं.” त्या आठवड्यात असं म्हणणारे ते एकटे नव्हते.

पण पुणं संपलं नाही. पूरग्रस्तांसाठी वसाहती झाल्या, त्यांच्या सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या. शहर नदीकाठच्या पेठा सोडून चहूकडे पसरलं. आणि त्याच दशकात इकडे पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची रांग लागली.

आता जरा लांब, जपानला जाऊ. डोनाल्ड डेव्हिस आणि डेव्हिड वाइनस्टाइन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कितीतरी शहरांवर बॉम्ब पडले, निम्मी-निम्मी शहरं जळून गेली. हिरोशिमा आणि नागासाकीचं काय झालं ते आपल्याला माहीतच आहे. या दोघांनी शंभराहून जास्त शहरांची लोकसंख्या आधीची आणि नंतरची तपासली. अंदाज असा होता की जी शहरं जास्त उद्ध्वस्त झाली ती कायमची मागे पडली असतील. निघालं उलटंच. साधारण पंधरा-वीस वर्षांत बहुतेक शहरं आपापल्या जुन्या जागेवर परत आली होती. मोठं होतं ते पुन्हा मोठं झालं, मधलं होतं ते मधलं. हिरोशिमा आणि नागासाकीसुद्धा आपल्या जुन्या वाढीच्या वाटेवर परतली.

म्हणजे शहर फक्त इमारतींमध्ये नसतं. बंदर, रस्ते, हातातलं कसब, ओळखीपाळखी, बाजारात माणसाची असलेली पत, या गोष्टी बॉम्बनं जळत नाहीत.

याच्या अगदी उलट गोष्ट अमेरिकेतल्या डेट्रॉइटची. तिथं एकही बॉम्ब पडला नाही. मोटारगाड्यांची ती राजधानी. १९५० साली या शहरात साडेअठरा लाख माणसं राहत होती. २०१० च्या जनगणनेत राहिली सुमारे सात लाख. बंगलेच्या बंगले ओस पडले. आणि जुलै २०१३ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला, डोक्यावर सुमारे अठराशे कोटी डॉलरचं देणं. कारणं एक नव्हती. वर्णद्वेष होता, पैसेवाले गोरे उपनगरांत निघून गेले होते, कारखाने इतर राज्यांत हलले होते. पण मुळात सगळं शहर एका धंद्यावर उभं होतं. तो धंदा सरकला आणि दुसरा उभा राहिलाच नाही.

दुसरा धंदा का उभा राहत नाही, यावर बेंजामिन चिनिट्झ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६१ साली, म्हणजे आपल्या पुराच्याच वर्षी, एक छोटा निबंध लिहिला. त्यात न्यूयॉर्क आणि पिट्सबर्ग या दोन शहरांची तुलना आहे. न्यूयॉर्कमध्ये कपडे शिवणाऱ्यांचे हजारो छोटे कारखाने होते, पिट्सबर्गमध्ये पोलादाच्या थोड्या पण अजस्र कंपन्या. चिनिट्झ म्हणतो, छोट्या धंद्यांच्या शहरात नवीन माणसाला धंदा सुरू करणं सोपं जातं. त्याला सुटी कामं करून देणारे मिळतात, भाड्यानं जागा मिळते, आणि घरात बाप धंदा करत असेल तर पोराला धोका पत्करायची सवय लागते. मोठ्या कंपनीच्या शहरात मात्र सगळं कंपनीच्या भिंतीआड होतं. साहेबाचा मुलगा साहेब व्हायची स्वप्नं बघतो.

आणि मग तो बँकांकडे वळतो. जिथं गिऱ्हाईक म्हणजे चार मोठ्या कंपन्या, तिथल्या बँकरची नजरही तशीच घडते. अनोळखी माणूस नवीन कल्पना घेऊन आला तर तो बिचकतो.

हे वाचलं आणि मी निबंध मिटून ठेवला. नात समोरच होती. तिनं विचारलं, “आजोबा, तुम्ही नोकरीत असताना किती नव्या माणसांना कर्ज दिलंत?”

आता तो हिशेब तुमच्यासमोर मांडतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी याच औद्योगिक पट्ट्यातल्या एका शाखेत होतो. जवळचा एक कारखाना बंद पडला, नाव सांगत नाही. एक दिवस तिथला एक टर्नर माझ्याकडे आला. वय चाळिशीच्या आसपास, आय. टी. आय. झालेला. त्याला जुनं लेथ मशीन घ्यायचं होतं, साठ हजार रुपयांना मिळत होतं. दहा बाय पंधराचा एक गाळा त्यानं बघून ठेवला होता. मी विचारलं, तारण काय? तो म्हणाला, “साहेब, अठरा वर्षं लेथवर काम केलंय. हे हातच तारण समजा.” आणि खरंच दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी त्याला फॉर्म दिला. दोन जामीनदार आणि जागेचे कागद आणा म्हटलं. तो परत आला नाही.

नियमाला धरून मी चुकलो नव्हतो. पण त्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीची उचल मर्यादा वाढवावी अशी शिफारस मी केली होती. तिची बॅलन्स शीट जाडजूड होती, वातानुकूलित खोलीत चहा झाला होता. ते खातं पुढे बुडीत गेलं, साठ हजारांच्या कितीतरी पट. दहा-बारा वर्षांनी एका इमारतीत लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलो, तर गेटवर तोच माणूस वॉचमनच्या गणवेशात. त्यानं मला ओळखलं. “या साहेब,” म्हणाला आणि गेट उघडलं. मी काहीच बोललो नाही. वर गेलो, पत्रिका दिली, खाली आलो. त्यानं पुन्हा गेट उघडलं.

नातीला मी एवढंच सांगितलं की नवीन माणसांना दिलेली कर्जं होती, पण फार नव्हती.

आता आपल्या शहराकडे बघू. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना पिंपरीत आला १९५४ च्या सुमारास. १९६२ साली एम. आय. डी. सी. स्थापन झाली. टेल्को आली, बजाज आली, आणखी कितीतरी. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावं मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. १९७१ मध्ये लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती सव्वासतरा लाखांच्या वर गेली. आपल्यातले निम्मे तरी त्या वाढीत आलेले. कोणी साताऱ्याहून, कोणी लातूरहून, कोणी बुलढाण्याहून.

मग आपलं डेट्रॉइट का झालं नाही? व्हायला जागा होती. पेनिसिलिनचा कारखाना पुढे आजारी पडला. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातलं उत्पादन २००७ साली थांबलं. पण शहर बसलं नाही. एक कारण उघड आहे, हिंजवडीला संगणकाचा धंदा आला आणि चाकणला नवे वाहन कारखाने. दुसरं कारण माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. इथल्या मोठ्या कंपन्यांनी सगळं काम भिंतीआड ठेवलं नाही. पुष्कळसं बाहेर दिलं. भोसरीच्या शेडमध्ये कोणी बुश करतो, कोणी गिअर कापतो, कोणी फक्त प्लेटिंग करतो. स्कूटरचा भाग करणारा माणूस ऑर्डर गेली तर त्याच मशीनवर पंपाचा भाग करू शकतो. त्रास होतो, सहा महिने कमाई नसते, पण तो वळू शकतो. चिनिट्झला जे न्यूयॉर्कच्या शिंप्यांमध्ये दिसलं, ते आपल्याकडे भोसरीच्या शेडमध्ये आहे.

पुणं मुळातच एकखांबी तंबू नव्हतं. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले इन्स्टिट्यूटनं पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात एखाद्या शहराची इतकी बारकाईनं पाहणी त्या काळी क्वचितच झाली असेल. त्या पुण्यात तांब्या-पितळेची भांडी घडवणारे, विड्या वळणारे, जरीचं काम करणारे असे कितीतरी छोटे धंदे होते. सरकारी कचेऱ्या होत्या, लष्कर होतं, शाळा-कॉलेजं होती. त्या वेळी कोणाला हे शहर कारखानदारीचं होईल असं वाटलं नसेल. पण पुढच्या मोठ्या कारखान्यांना शिकलेली माणसं आणि हाताला वळण असलेले कारागीर लागले, तेव्हा ते इथं होते.

केंब्रिजचे एक प्राध्यापक आहेत, रॉन मार्टिन. एखादा प्रदेश मंदीत कसा वागतो हे बघायला त्यांनी चार प्रश्न दिलेत. ते मी माझ्या मराठीत सांगतो. धक्का बसला तेव्हा किती तग धरला? नंतर किती लवकर सावरला? धंद्याचं वळण बदलता आलं का? आणि नव्या वाटेवर वाढ सुरू झाली का? बँकेत कर्जदाराची फाइल बघताना आम्ही पहिले दोन प्रश्न नेहमी विचारायचो. तिसरा विचारत नव्हतो. ‘हे नाही चाललं तर तुम्ही दुसरं काय कराल?’ हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नव्हता. त्या टर्नरकडे त्याचं उत्तर होतं. तो तेच सांगायला आला होता.

पण मला या चार प्रश्नांत आणखी एकाची भर घालाविशी वाटते. सावरलं कोण?

मुंबईचा गिरणी संप घ्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. रीतसर तो कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या. आता मार्टिन साहेबांचे प्रश्न मुंबईला विचारा. तग धरला का? हो. सावरली का? हो. वळण बदललं का? हो, बँका, शेअर बाजार, सिनेमा, सेवा क्षेत्र. नव्यानं वाढ झाली का? झाली. चारही प्रश्नांत मुंबई पास. जिथं भोंगा वाजायचा तिथं आज मॉल आणि काचेच्या इमारती आहेत.

आणि गिरणी कामगार? १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरली होती. साधारण एक हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली, म्हणजे ज्यावर बांधकाम उभं होतं ती जमीन हिशेबातून सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत निघाली २०१२ मध्ये, संपानंतर तीस वर्षांनी. तोवर किती जण हयात होते?

मग मधली वर्षं ती माणसं कशी जगली? हजारो जण कोकणात, साताऱ्या-सांगलीकडे आपल्या गावी परत गेले. तिथली तुटपुंजी शेती, भावाचं घर, याच्यावर दिवस काढले. मुंबईत राहिले त्यांच्या बायकांनी खाणावळी चालवल्या, घरकामं धरली. म्हणजे मुंबईच्या सावरण्याचा खर्च मुंबईनं नाही केला. तो गावानं केला आणि बायकांनी केला. आमच्या भाषेत सांगायचं तर नफा एका खात्यात जमा आणि खर्च दुसऱ्याच्या नावे.

आणि त्या गावांकडे तरी काय होतं? महाराष्ट्रात विकास किती असमतोल झालाय हे मोजायला १९८३ साली सरकारनं प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. १९८४ च्या अहवालात तिनं रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा एकेका गोष्टीत कुठला जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मांडलं आणि ती तूट भरायला सुमारे ३,१८७ कोटी रुपये लागतील असं काढलं. त्याला ‘अनुशेष’ म्हणतात. तीसेक वर्षांनी केळकर समितीला पुन्हा त्याच विषयावर बसावं लागलं. म्हणजे आपली शहरं अडचणीत ज्यांच्या दाराशी जातात, ती गावं आधीच कमी जमेची.

हे मला कळलं १९८२ मध्ये नाही, २०२० मध्ये. आणि इथं, आपल्या सोसायटीत.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. तेव्हा मी खजिनदार होतो. आपण सगळ्यांनी छान व्यवस्था लावली. भाजी गेटवर आली, औषधं घरपोच झाली, ज्येष्ठांची यादी केली. त्या काळाचं कौतुक या स्मरणिकेत दुसऱ्या लेखांत आलंच आहे आणि ते खरं आहे. पण माझ्याकडे त्या वर्षीची व्हाउचरची फाइल आहे. त्यात एक नोंद अशी: ‘सफाई कर्मचारी कामावर गैरहजर, एप्रिल व मे, वेतन अदा नाही.’ खाली सही माझी.

गैरहजर म्हणजे काय? पोलीस नाक्यावर अडवत होते आणि आपणच गेटवर बोर्ड लावला होता की बाहेरच्यांना प्रवेश नाही. ती बाई येणार कशी? तिनं जूनपर्यंत वाट पाहिली, मग मुलांना घेऊन लातूरकडे आपल्या गावी गेली. दसऱ्यानंतर परत आली. मी विचारलं, कसं भागवलंत? म्हणाली, “भावाच्या घरी होते की साहेब. सोयाबीन काढली, रानात राबले. भागलं.” तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवसापासून जिने झाडायला लागली.

आपली सोसायटी सावरली होती. ताळेबंदात त्या वर्षी शिल्लक वाढलेली दिसते. त्या शिल्लकेत तिचे दोन महिन्यांचे पैसेही आहेत.

मी हे कोणाला दोष द्यायला सांगत नाही. समितीनं ठरवलं, मी सही केली, सर्वसाधारण सभेत हिशेब मंजूर झाला. एकानंही विचारलं नाही. मीही नाही. साठ हजारांच्या लेथच्या वेळीही सगळं नियमानंच झालं होतं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या हातातला आहे. आपल्या उपविधींत सिंकिंग फंडाची तरतूद आहे. फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल पाव टक्का. पहिल्या सभेत त्यावरून केवढा वाद झाला होता ते जुन्या सभासदांना आठवत असेल. बांधकाम खर्च चार लाख धरला तर वर्षाला हजार रुपये, महिन्याला ८३. ‘इमारत नवी आहे, कशाला पैसे अडकवायचे?’ असं भर सभेत विचारलं गेलं. पण आपण भरत राहिलो. ४८ फ्लॅट, वर्षाला ४८ हजार, २५ वर्षांत १२ लाख, वर व्याज वेगळं. म्हणून गच्ची गळायला लागली तेव्हा आर्किटेक्टचा दाखला आणि सभेचा ठराव एवढ्यावर काम सुरू झालं. एकाही सभासदाला दागिना गहाण ठेवावा लागला नाही. शेजारच्या काही इमारतींत काय झालं ते आपण पाहिलंय.

सिंकिंग फंड म्हणजे दुसरं काय? धक्का येणार हे धरून चालायचं आणि चांगल्या दिवसांत थोडं बाजूला टाकायचं. सिमेंटसाठी आपण हे केलं. माणसांसाठी केलं नाही. या इमारतीवर सहा माणसं काम करतात. दोन वॉचमन, सफाईची बाई, कचरा नेणारा, पंप आणि लिफ्ट बघणारा, बाग बघणारा. त्यातले काही ठेकेदारामार्फत आहेत, म्हणजे कागदोपत्री आपले कोणीच नाहीत. पण पाणी आलं नाही तर आपण हाक कोणाला मारतो?

माझा प्रस्ताव साधा आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा. दर फ्लॅटमागे महिना ५० रुपये वेगळे ठेवायचे. महिन्याला २,४०० होतात, वर्षाला २८,८००. टाळेबंदी, आजारपण, अपघात, काम थांबलं, अशा वेळी या सहा जणांना दोन महिने तरी पगार चालू राहील. कायद्याच्या चौकटीत ते कसं बसवायचं, ठेकेदाराच्या माणसांना कसं द्यायचं, हे सचिवांनी निबंधक कार्यालयात विचारून घ्यावं. मी लेखी प्रस्ताव तयार करून देतो. अजून हिशेब लिहिता येतात.

आणि २०२० च्या त्या दोन महिन्यांचे पैसे? मी त्या वेळची रक्कम व्याजासह काढली. ती मी माझ्या खिशातून देऊ शकतो, बायकोनंही तेच सुचवलं. पण मला वाटतं ते सोसायटीनं द्यावेत, ठराव करून, चेकनं. मी दिले तर ती मदत झाली. सोसायटीनं दिले तर ते देणं फिटलं. बँकेत आयुष्य गेलं, या दोन नोंदींतला फरक मला कळतो.

काही जण म्हणतील, काका, एवढी मोठी शहरं, जपान, अमेरिका सांगितलीत आणि आलात पन्नास रुपयांवर. खरं आहे. शहराच्या धोरणावर तुमचं-माझं फारसं काही चालत नाही. भोसरीत कोणता कारखाना यावा हे आपल्याला विचारून ठरत नाही. पण कोणाच्या जिवावर आपण सावरतो, हे आपल्या ४८ घरांपुरतं ठरवणं आपल्या हातात आहे. आणि तुमच्यातले जे बँकेत, पतसंस्थेत, कंपनीच्या खरेदी विभागात बसतात, त्यांच्या टेबलावर उद्या कोणी रिकाम्या हातांनी आलं, तर तिसरा प्रश्न विचारायला विसरू नका. उत्तर ऐकून घ्या. मग नियम सांगा.

माझी पंचवीस मिनिटं झाली, सचिव घड्याळ बघतायत. आज जेवणाची व्यवस्था खाली पार्किंगमध्ये आहे. मंडप बांधणाऱ्यांनी आणि वॉचमन मंडळींनीही आपल्या पंगतीतच बसावं, अशी समितीला माझी विनंती आहे.



(ताजा कलम: भाषणानंतर अकरा सभासदांनी प्रस्तावावर सह्या दिल्या. दोघांनी ‘आधी लिफ्टचं बघा’ असं सांगितलं. त्यांचंही बरोबर आहे, लिफ्टचा विषयही घेऊ. प्रस्तावाची प्रत सोसायटीच्या कार्यालयात ठेवली आहे.)